भोकं पाडणारा बर्फ

उन्हाळ्यात देऊळगाव राजात पारा चाळिशी ओलांडतो आणि किराणा दुकानातल्या डीप फ्रीजरभोवती पोरांची गर्दी जमते. कशासाठी? त्या लांबट प्लास्टिकच्या पिशवीतल्या गारेगार पेप्सीसाठी! टोक दातांनी तोडायचं आणि ओढायला सुरुवात करायची. पहिले घोट काय गोड लागतात! मग हळूहळू चव पातळ होते, रंग उतरतो आणि शेवटी पिशवीत उरते एक पांढरी, फिकी, कडक कांडी. ‘दुकानदाराने साखर कमी टाकली’ असं म्हणून आपण ती नाल्यात भिरकावतो.

दुकानदार बिचारा निर्दोष आहे. त्याने पिशवीत सरबत भरलं तेव्हा ते वरपासून खालपर्यंत सारखंच लाल आणि सारखंच गोड होतं. रंग आणि साखर वेगळी केली ती बर्फाने.

पाणी गोठतं म्हणजे नेमकं काय होतं? पाण्यात त्याचे रेणू इकडेतिकडे धावत असतात. गारठा वाढला की त्यांची धावपळ मंदावते आणि ते ठरावीक अंतरावर, षटकोनी रचनेत उभे राहायला लागतात. शाळेच्या मैदानावर लेझीमचं पथक उभं राहिलेलं आठवा. प्रत्येकाची जागा ठरलेली, पाऊल ठरलेलं. मध्येच कुणी सायकल घेऊन घुसला तर? पथक त्याला सामावून घेत नाही, बाजूला सारतं. बर्फाच्या स्फटिकाचंही तसंच आहे. साखरेचा रेणू त्या षटकोनी रचनेत बसत नाही, रंगाचाही बसत नाही. स्फटिक वाढत जातो आणि हे पाहुणे त्याच्या पुढे पुढे ढकलले जातात. शेवटी ते सगळे सापडतात दोन स्फटिकांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत. तिथे दाट, गोड, लालभडक पाक साचतो. तुम्ही पिशवी ओढता तेव्हा हा पाक आधी तोंडात येतो. स्फटिक मागे राहतात.

उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातही हेच चालतं. खारं पाणी गोठतं तेव्हा मीठ बर्फाच्या स्फटिकांबाहेर पडतं आणि फटींमधून हळूहळू खाली झिरपतं. दोन-तीन वर्षं जुना झालेला समुद्री बर्फ वितळवला तर ते पाणी बऱ्यापैकी गोडं निघतं. तिथे राहणारे लोक पिण्यासाठी असा जुना बर्फ शोधतात. समुद्राचं पाणी गोडं करणारा हा कारखाना, आणि वीजबिल शून्य!

आता खरी गंमत. समजा पाण्यात साखरेऐवजी असं काही विरघळवलं, की जे फटींमध्ये दाटल्यावर तिथेच घट्ट बसेल आणि त्याच्या भिंती होतील. रेशमाचं प्रथिन, कातड्यातलं कोलॅजन किंवा हाडातल्या खनिजाची बारीक पूड. पाणी गोठवलं, भिंती उभ्या राहिल्या. मग मधला बर्फ काढून टाकला. काय उरेल?

भोकं! जिथे जिथे बर्फाचा स्फटिक होता तिथे एक पोकळी, आणि पोकळ्यांच्या मध्ये पातळ भिंती. सुई नको, ड्रिल नको, साचा नको. बर्फ आला, जागा अडवून बसला आणि निघून गेला. त्याने अडवलेली जागा तेवढी मागे राहिली.

‘पण भोकं हवीत कुणाला? भोक पडलं की बादलीसुद्धा भंगारात जाते,’ असं तुम्ही म्हणाल. पण तुमचं स्वतःचं शरीर भोकांवाचून चालत नाही. मांडीचं हाड बाहेरून दगडासारखं टणक दिसतं, पण त्याच्या टोकाशी आत पाहिलं तर जाळीच जाळी असते. त्या जाळीतून रक्तवाहिन्या जातात. शरीरातल्या पेशींना प्राणवायू रक्तातून मिळतो आणि पेशी रक्तवाहिनीपासून फार लांब राहू शकत नाही. मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त लांब गेली की तिचे हाल सुरू होतात. अपघातात हाडाचा मोठा तुकडाच गेला किंवा भाजल्यामुळे कातडी खोलवर जळली, तर शरीर ती जागा एकट्याच्या बळावर भरून काढू शकत नाही. डॉक्टरांनी तिथे एखादा ठोकळा बसवला आणि तो भरीव असला, तर पेशी बाहेरच्या बाहेर अडकतात. ठोकळा सच्छिद्र असला तर त्या आत शिरतात, भिंतींना चिकटतात, वाढतात, मागोमाग रक्तवाहिन्या येतात. आणि ठोकळा अशा पदार्थाचा केला असेल, की जो शरीरात हळूहळू विरून जाईल, तर काही काळाने ठोकळा संपतो आणि त्या जागी तुमचं स्वतःचं हाड किंवा कातडी आलेली असते. घर बांधताना लावलेला परांचा काम झाल्यावर उतरवतात, पण हा परांचा आपला आपणच उतरतो.

फक्त भोकं बेताची हवीत. पेशी साधारण १० ते २० मायक्रॉनची असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. भोक पेशीपेक्षा लहान झालं तर तिला दारच बंद. हाड आत वाढायला हवं असेल तर भोकं १०० मायक्रॉनच्या वर असलेली बरी, म्हणजे केसाच्या जाडीहून थोडी मोठी. कातडीला त्याहून लहान भोकं चालतात. शिवाय प्रत्येक भोक शेजारच्या भोकाला जोडलेलं हवं. बंद खोल्यांच्या वाड्यात पाहुणा जाणार कसा?

अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये जॉन बर्क नावाचे शल्यविशारद भाजलेल्या रुग्णांवर उपचार करायचे. खूप भाजलेल्या माणसाला झाकायला त्याची स्वतःची पुरेशी कातडी उरत नाही, हे दुःख ते रोज पाहत होते. शेजारच्याच एमआयटी या संस्थेत इओआनिस यानास हे मूळचे ग्रीसचे शास्त्रज्ञ होते. दोघांनी मिळून गायीपासून मिळवलेलं कोलॅजन आणि शार्क माशाच्या कुर्चेतला एक पदार्थ पाण्यात एकत्र केला, तो गोठवला, बर्फ काढून टाकला आणि पातळ सच्छिद्र पत्रा मिळवला. वर सिलिकॉनचा पापुद्रा. १९८१ मध्ये त्यांनी रुग्णांवर केलेल्या उपचारांची हकिकत प्रसिद्ध केली आणि १९९६ मध्ये अमेरिकी सरकारने या कृत्रिम कातडीला परवानगी दिली. गाय, शार्क आणि बर्फ! ही तिकडी एकत्र आणायची कल्पना सुचायलासुद्धा डोकं लागतं.

आपल्याकडे गाय-शार्कशिवायही एक फार चांगला कच्चा माल आहे, आणि तो देऊळगाव राजाहून तासाभराच्या वाटेवर ढिगाने दिसतो. जालन्याला! २०१८ साली जालन्यात रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. त्याआधी इकडच्या शेतकऱ्यांना कोष विकायला थेट कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं. आता बुलडाण्याच्या, जालन्याच्या गावांमधून तुती लावलेली शेतं आणि बाजूला अळ्यांची शेड दिसते. आत रॅकवर तुतीचा पाला टाकलेला असतो. शेडमध्ये शांत उभं राहिलात तर पाला खाण्याचा आवाज ऐकू येतो, पत्र्यावर रिमझिम पाऊस पडावा तसा. अळी पोटभर खाते, मग तोंडातून धागा काढत स्वतःभोवती कोष विणते. एका कोषातला धागा साधारण एक किलोमीटर भरतो.

कोष हातात घेऊन हलवून बघा. आत कोशित, म्हणजे कोषात गेल्यावर अळीचं झालेलं रूप, वाजतो, खुळखुळ्यासारखा. या धाग्यात दोन प्रथिनं असतात. आतला मजबूत तंतू फायब्रॉइनचा आणि त्याला चिकटवणारा बाहेरचा डिंक सेरिसिनचा. प्रयोगशाळेत कोष कापून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळतात, की डिंक सुटतो. उरलेलं फायब्रॉइन कापसासारखं दिसतं. ते पाण्यात विरघळता विरघळत नाही, म्हणून लिथियम ब्रोमाइड या क्षाराच्या दाट द्रावणात विरघळवतात आणि नंतर क्षार काढून टाकतात. हाती येतं रेशमाचं पाणी! ज्या तंतूची पैठणी होते तोच तंतू इथे बाटलीत पाण्यासारखा हलत असतो. हे रेशीमपाणी गोठवा, बर्फ काढा, आणि रेशमाचा स्पंज तयार. यात एक सोय अशी, की डागी किंवा फुटलेल्या कोषाचा सलग धागा निघत नाही, त्याला भाव कमी मिळतो. पण विरघळवायचाच असेल तर धागा सलग असला काय आणि तुटका असला काय!

पुण्यात पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिला सगळे एनसीएल म्हणतात. १९५० साली ती सुरू झाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी रेशमाच्या प्रथिनापासून हाडाची पोकळी भरण्याचे सच्छिद्र पदार्थ तयार केले, आणि त्या कामातून पुढे पुण्यात सेरिजेन नावाची कंपनीही निघाली. खरं सांगायचं तर त्यांनी बर्फाऐवजी रेशमाचे बारीक कण एकमेकांना चिकटवून मधल्या जागा मिळवल्या. भोकं पाडायचे मार्ग पुष्कळ आहेत, आपला बर्फ त्यातला एक.

पण त्याच एनसीएलमध्ये बर्फाचे उस्तादही होते. डॉ. गुरुस्वामी कुमारस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक अजब स्पंज प्रसिद्ध केला. त्याचा बहुतेक भाग होता सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांचा. सिलिका म्हणजे वाळू आणि काच ज्याची बनते तो पदार्थ. वाळूचा स्पंज दाबला तर काय व्हायला हवं? चुरा! पण हा स्पंज उंचीचा बराच मोठा हिस्सा दाबून टाकला तरी सोडल्यावर पुन्हा होता तसा उभा. युक्ती अशी, की कणांवर एका पॉलिमरचा, म्हणजे साखळीसारखे लांब रेणू असलेल्या पदार्थाचा, पातळ लेप होता. पाणी गोठलं, कण स्फटिकांच्या मधल्या फटींमध्ये दाटले आणि गोठलेल्या अवस्थेतच पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना रासायनिक गाठी मारून जोडल्या गेल्या. मग बर्फ वितळू दिला. गाठी पक्क्या होत्या, म्हणून भिंती जागेवरून हलल्या नाहीत. आयआयटी कानपूरमध्येही अशोक कुमार यांच्या गटाने वर्षानुवर्षं अशाच ‘गोठवून जोडलेल्या’ स्पंजांवर काम केलं आहे.

गाठी मारलेल्या नसतील तर मात्र बर्फ वितळवून चालत नाही. रेशमाचंच घ्या. बर्फाचं पाणी झालं की नुकतीच उभी राहिलेली भिंत त्या पाण्यात पुन्हा विरघळायची. नाही विरघळली तरी सुकताना पाणी तिला आपल्याकडे ओढतं आणि सगळी जाळी आकसून बसते. मग बर्फ काढायचा कसा? पाणी न होऊ देता!

हे कसं शक्य आहे, ते बालाजीच्या देवळात आरतीला जाणाऱ्याला विचारा. कापराची डबी उघडी राहिली तर काही दिवसांनी वड्या बारीक झालेल्या दिसतात, पण डबीत ओल नसते. कापूर घनरूपातून थेट वाफ होऊन जातो. कपाटातल्या डांबरगोळीचंही तेच. या उडून जाण्याला संप्लवन म्हणतात. बर्फालाही ते जमतं, फक्त भोवतीची हवा उपसून टाकावी लागते. आपल्याभोवती हवेचा दाब सुमारे एक लाख पास्कल असतो. तो ६११ पास्कलच्या खाली आणला की द्रव पाण्याला टिकायला जागाच उरत नाही. बर्फ एक तर बर्फ राहतो, नाही तर वाफ होतो, मधला मुक्काम रद्द! हे काम करणाऱ्या यंत्राला फ्रीझ ड्रायर म्हणतात. वर काचेच्या नळकांड्यात गोठलेले नमुने, खाली घरघरणारा पंप आणि मध्ये एक अतिथंड नळी. नमुन्यांतून निघालेली वाफ त्या नळीवर जाऊन पांढऱ्या दवासारखी गोठते. एक-दोन दिवसांनी यंत्र उघडलं की वजनच जाणवू नये असे हलके तुकडे बाहेर येतात.

कापराची गोष्ट नुसती उदाहरणापुरती नाही बरं का! अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात अराकी आणि हॅलोरन या दोघांनी २००४ मध्ये पाण्याऐवजी चक्क कापूर आणि नॅफ्थॅलिन, म्हणजे डांबरगोळीतला पदार्थ, यांचं मिश्रण वापरलं. ते गरम करून पातळ केलं, त्यात चिनी मातीच्या जातीची पूड ढवळली आणि खोलीच्या तापमानालाच गोठू दिलं. मग कापूर आपला आपणच उडून गेला. डीप फ्रीजरही नको, पंपही नको. आपल्या देवघरातली वस्तू तिकडच्या प्रयोगशाळेत पोहोचली, तेव्हा सुगंधही सुटला असणार!

भोकं लहान-मोठी करायची तर काय करायचं? गोठवण्याचा वेग बदलायचा. झटपट गोठवलं तर एकाच वेळी असंख्य स्फटिक जन्माला येतात, एकालाही वाढायला जागा मिळत नाही, म्हणून भोकं बारीक. सावकाश गोठवलं तर थोडेच स्फटिक, पण गलेलठ्ठ, म्हणून भोकं मोठी. भोकांना दिशासुद्धा देता येते. द्रावण तांब्याच्या तळावर ठेवायचं आणि तळाला उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनने गारठवायचं. गारवा खालून वर सरकतो, स्फटिकही खालून वर वाढतात आणि भोकांऐवजी उभे बोगदे मिळतात. २००६ मध्ये सिल्व्हान देव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या बर्कलेत हाडातल्या खनिजाची पूड अशी थरांमध्ये गोठवली. शिंपल्याच्या आतल्या चकाकत्या भागात जसे थरावर थर असतात, तशी ती रचना होती, आणि तेवढ्याच भोकांच्या नेहमीच्या ठोकळ्यांपेक्षा ती कितीतरी बळकट निघाली.

इतकं सगळं शास्त्रज्ञांनी अलीकडे केलं, पण बर्फाचा हा गुण स्वयंपाकघराला फार आधी कळला होता. जपानमध्ये सतराव्या शतकातली एक गोष्ट सांगतात. मिनोया तारोझाएमोन नावाच्या खानावळवाल्याने समुद्री शेवाळाची उरलेली जेली थंडीत बाहेर टाकली. रात्री ती गोठली, दिवसा वितळली, पुन्हा गोठली, आणि काही दिवसांनी तिथे पांढरा, कोरडा, पिसासारखा हलका तुकडा पडलेला दिसला. पाण्यात उकळला तर पुन्हा जेली! किराणा दुकानात मिळणारं चायना ग्रास ते हेच. पारंपरिक रीतीने बनवलेली त्याची पट्टी आजही गोठवून-वितळवून सुकवतात. आईने खीर किंवा पुडिंगसाठी आणलेली पट्टी कात्रीने आडवी कापा आणि भिंगातून टोक पाहा. आतली पापुद्र्यांची जाळी गोठवताना झालेल्या बर्फाने आखून दिलेली असते.

मग आपण घरीच स्पंज करायचा का? साहित्य फार नाही. कपभर पाणी, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, एक पातेलं आणि गॅसजवळ उभं राहायला घरातलं एखादं मोठं माणूस. कॉर्नफ्लोअर आधी थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालवा, मग मंद आचेवर सतत ढवळा. दुधाळ पाणी एकाएकी घट्ट होऊन पारभासक खळ झाली की गॅस बंद. ही खळ दोन सारख्या स्टीलच्या वाट्यांमध्ये ओता आणि थंड होऊ द्या.

आता पहिली वाटी तशीच फ्रीजरच्या तळावर ठेवा. दुसरीला जुन्या टॉवेलाच्या तीन-चार घड्या गुंडाळून ठेवा, म्हणजे ती उशिरा गोठेल. रात्रभर फ्रीजर उघडायचा नाही. (लाइट गेली तर मात्र प्रयोग महावितरणच्या वेळापत्रकाने चालेल, त्याला इलाज नाही.) दुसऱ्या दिवशी दोन्ही वाट्या बाहेर काढा आणि पूर्ण वितळू द्या. घाई करून गरम पाण्यात बुडवू नका.

वितळल्यावर खळ परत येत नाही! हातात येतो लवचिक, ओला गोळा. तळहातावर घेऊन हळूच दाबा. पाणी टपटप बाहेर येईल. पुन्हा पाण्यात ठेवा, तो पाणी पिऊन फुगेल. खळीतल्या स्टार्चच्या लांब साखळ्या बर्फाने फटींमध्ये दाबून दाबून एकत्र आणल्या आणि तिथे त्या एकमेकींना चिकटून बसल्या. पुण्यातल्या स्पंजात पॉलिमरच्या साखळ्यांना मुद्दाम गाठी मारल्या होत्या, इथे स्टार्चच्या साखळ्यांनी त्या आपणहून मारल्या.

दोन्ही गोळे धारदार सुरीने मोठ्या माणसाकडून कापून घ्या. कापाच्या तोंडावर थेंबभर शाई सोडा, म्हणजे भिंती आणि भोकं वेगळी दिसतील. कोणत्या वाटीतली भोकं मोठी आहेत? पापुद्रे कोणत्या दिशेने गेले आहेत, वाटीच्या तळापासून वर की काठापासून मध्याकडे? शक्य असेल तर तिसरी वाटीही करा: खळीत चमचाभर साखर घालून, किंवा कॉर्नफ्लोअरऐवजी साबुदाण्याची पेज वापरून. काय बदललं ते वहीत तारखेसह लिहा, कापाचं मोठं चित्र काढा, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून भोकं मोजा, आणि ते पान आपल्या मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. फसलेला प्रयोगही पाठवा. कुणाच्या वाटीत किती मोठं भोक पडलं ते आपण पुढच्या अंकात छापू.